गोळ्यांनी होणाऱ्या गर्भपाताविषयी, अनघास

प्रिय अनघा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. निर्णय तू पूर्ण विचाराने घेतला आहेस, त्यामुळे त्याविषयी मी काही लिहीत नाही. तू विचारले आहेस ते एवढेच, की गोळ्यांनी गर्भपात नेमका कसा होतो आणि त्यात जिवाला धोका नाही ना. दवाखान्यात हा प्रश्न मी सतत ऐकते, तरी तुला सविस्तर लिहावेसे वाटले, कारण भीती अर्धवट माहितीनेच अधिक वाढते.

पहिली गोळी मिफेप्रिस्टोनची, २०० मिलिग्रॅमची. ती पाण्याबरोबर गिळायची. गर्भ टिकतो तो प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या आधारावर, आणि ही गोळी त्या संप्रेरकाचे कार्य अडवते, त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर सुटू लागते व गर्भाशयाचे मुख मऊ पडते. त्या दिवशी बहुतेक जणींना थोड्या मळमळीपलीकडे काही जाणवत नाही, म्हणून गोळी लागू पडली नाही असे समजू नकोस. त्यानंतर २४ ते ४८ तासांनी मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या घ्यायच्या असतात. त्या तोंडात ठेवायला सांगितल्या, तर दोन्ही गालांत दोन-दोन अशा अर्धा तास धरून ठेव आणि मग उरलेला चुरा पाण्याबरोबर गिळ. त्यांनी गर्भाशय आकुंचन पावते आणि गर्भ बाहेर टाकला जातो.

कळा आणि रक्तस्राव बहुधा काही तासांतच सुरू होतात. पाळीपेक्षा अंगावरून बरेच जास्त जाते, गाठीही पडतात, आणि आधी कोणी सांगितलेले नसेल तर ते पाहून बाई हादरून जाते. सोबत थंडी वाजणे, ताप, उलटी, जुलाब यांपैकी काही होऊ शकते. ते मिसोप्रोस्टॉलचे परिणाम असून बहुधा त्याच दिवशी ओसरतात. कळांसाठी आयबुप्रोफेन चालते, त्याने गोळ्यांचा परिणाम कमी होत नाही. तेव्हा दुखणे अंगावर काढू नकोस. पुढे साधारण दोन आठवडे थोडे थोडे जात राहते.

आता धोक्याविषयी. फ्रान्समध्ये मिफेप्रिस्टोनला १९८८ साली मान्यता मिळाली, भारतात २००२ साली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही दोन्ही औषधे २००५ पासून आहेत. नऊ आठवड्यांच्या आत शंभरातील पंचाण्णवांहून अधिक जणींना पुढे काही करावे लागत नाही. उरलेल्यांपैकी काहींना आणखी गोळ्या द्याव्या लागतात, तर काहींची पिशवी साफ करावी लागते. जिवाचा धोका बाळंतपणातल्या धोक्यापेक्षा कितीतरी कमी आहे, आणि पुढे मूल होण्यावरही याचा परिणाम होत नाही.

मात्र ही सुरक्षितता तपासणीवर उभी आहे, आणि म्हणूनच कोणाच्या तरी हातून गोळ्या मागवून घेण्याचा तुझा बेत मला मान्य नाही. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, आणि अंदाज पुष्कळदा चुकतो. गर्भ नलिकेत असेल तर या गोळ्या त्याला काहीच करू शकत नाहीत. नलिका फुटून पोटात रक्तस्राव होतो, आणि इकडे बाईला वाटत राहते की हे गोळ्यांचेच दुखणे आहे. सोनोग्राफी मी त्यासाठीच सांगते आहे. तुझे हिमोग्लोबिन पूर्वीपासून कमी असते, तेही तपासून घे. कॉपर-टी असेल तर ती आधी काढावी लागते. रक्त पातळ करणारी औषधे किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असतील, तर डॉक्टरांना न विसरता सांग.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात या गोळ्या सहज मिळत नाहीत, कारण लिंगनिदानाविरुद्धच्या मोहिमेत त्यांच्याकडेही संशयाने पाहिले गेले. याचा मला मनापासून राग येतो. गर्भाचे लिंग सोनोग्राफीत दिसू लागते ते बाराव्या आठवड्यानंतर. या गोळ्यांची मुदत नवव्या आठवड्यालाच संपते. संशय गोळ्यांवर घेतल्याने मुली वाचत नाहीत, फक्त बायकांना आडमार्ग धरावा लागतो.

तुला तो धरण्याचे कारण नाही. १९७१ च्या कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. नवऱ्याची सही कोणी मागितली, तरी ती कायद्याने आवश्यक नाही. तुझे नाव गुप्त ठेवणे हेही डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

एका तासात दोन मोठे पॅड पूर्ण भिजले आणि लागोपाठ दोन तास तसेच चालू राहिले, मिसोप्रोस्टॉलनंतर २४ तास उलटूनही १००.४ च्या वर ताप राहिला, घाण वासाचा स्राव झाला, चक्कर आली किंवा एका बाजूला तीव्र दुखू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठ. चोवीस तासांत अंगावरून काहीच गेले नाही, तरीही डॉक्टरांना कळव. पंधराव्या दिवशीची तपासणी बरे वाटले म्हणून टाळू नकोस. लघवीची चाचणी मात्र लगेच करू नकोस. काही आठवडे ती तशीच पॉझिटिव्ह येऊ शकते.

पुढची पाळी येण्यापूर्वीही दिवस राहू शकतात, म्हणून गर्भनिरोधनाविषयी त्याच भेटीत विचार. दुसऱ्या गोळ्यांच्या दिवशी घरी एकटी राहू नकोस, ताईंना बोलावून घे, आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट हाती येताच मला पाठव. तो पाहिल्याशिवाय पहिली गोळी घेऊ नकोस.

तुझीच,
मंजिरी