साठीनंतर बिडी सोडून काय मिळते?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘आता या वयात सोडून काय मिळणार?’ हे वाक्य आमच्या पारावर रोज ऐकू येते. मी एसटीत ३१ वर्षे वाहक होतो. मुक्कामाची गाडी, पहाटेचा चहा आणि बिडी. दिवसाला दीड बंडल. निवृत्तीनंतर दोनच वर्षांत जिना चढताना धाप लागू लागली. तेव्हा डॉक्टर पुतणीने ब्रिटिश संशोधक रिचर्ड डॉल यांचा अभ्यास सांगितला. १९५१ पासून ५० वर्षे त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांचीच नोंद ठेवली. सिगारेट ओढत राहिलेले सरासरी १० वर्षे आधी गेले. पन्नाशीत सोडणाऱ्यांनी त्यातली सुमारे ६ वर्षे वाचवली, साठीत सोडणाऱ्यांनीही ३. (अभ्यास सिगारेटचा खरा, पण बिडी म्हणजे काही तुळशीचे पान नव्हे.)

सुट्ट्या पैशांवरून आयुष्यभर भांडलेल्या माणसाला हा हिशेब लगेच कळला. सोडली. पहिले पंधरा दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही, खिशात बडीशेप घेऊन फिरायचो.

सौ. मात्र मिश्री सोडत नाही. ‘मी कुठे धूर काढते?’ म्हणते. तोंडाच्या कर्करोगाला धूर लागत नाही, हे माझ्याकडून तिला पटत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, निदान कागदावर. मिश्रीचा तर कुणी विषयही काढत नाही. आपल्या आरोग्य पुरवणीत एकदा मिश्रीवर लिहा. छापील आले की ती वाचते.

– एक निवृत्त एसटी वाहक, कराड