गरम पाण्याचा नळ राहिलाच

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकी कामगारपटांवरचा पानभर लेख वाचला. ‘ऑन द वॉटरफ्रंट’ची आठ ऑस्करं, ब्रँडोचा अभिनय, गोदीतलं धुकं, सगळं आलं. दिग्दर्शक कझान यांनी १९५२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे आपल्याच जुन्या सोबत्यांची नावं कम्युनिस्ट म्हणून सांगितली, हे बहुधा जागेअभावी राहिलं. १९९९ मध्ये त्यांना मानद ऑस्कर देताना सभागृहातले काही जण हाताची घडी घालून का बसले होते, ते मग वाचकाने कुठून ओळखायचं?

असो. माझा राग वेगळाच आहे. त्याच १९५४ साली आलेल्या ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’चं लेखात नावही नाही! न्यू मेक्सिकोतल्या जस्ताच्या खाणीतला खरा संप. कोर्टाने कामगारांना फाटकावर उभं राहायला मनाई केली, तर त्यांच्या बायका जाऊन उभ्या राहिल्या. नायकाच्या भूमिकेत युनियनचा खराखुरा अध्यक्ष. नायिकेला तर चित्रीकरण चालू असतानाच अटक झाली आणि मेक्सिकोला परतावं लागलं.

हा चित्रपट मी ब्याऐंशीच्या गिरणी संपात लालबागला चाळीच्या गच्चीवर पाहिला, चादरीच्या पडद्यावर. आई गिरणीवाल्यांची खानावळ चालवायची. तेव्हा सगळं उधारीवर. थोरला भाऊ तिच्या कानाशी लागून मराठीत सांगत होता. खाणीतल्या बायका घरात नळ आणि गरम पाणी मागतात आणि पुरुष म्हणतात, ते नंतर बघू. आई मोठ्याने म्हणाली, “मेल्यांनो, पाणी कोण भरतं?” अख्खी गच्ची हसली, वडील सोडून. पुढे पडद्यावरचा नवरा दोरीवर कपडे वाळत घालू लागला, तेव्हा तिने मान वळवून वडिलांकडे नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला वडील कळशी घेऊन नळावर! संपाचं काय झालं ते आपण जाणताच, पण पाणी शेवटपर्यंत वडीलच भरत. धुक्यातल्या ब्रँडोने आमच्या घरात असं काही केलेलं मला आठवत नाही.

ता. क. १ मेच्या अंकात कामगार दिनाचं मूळ आपण मॉस्कोत नेऊन ठेवलं होतं. ते शिकागोतलं, १८८६ च्या आठ तासांच्या लढ्यातलं. तेव्हाही पत्र धाडलं होतं, पदरचं तिकीट लावून. ना छापलंत, ना चूक दुरुस्त केलीत.

– एक जुना वर्गणीदार, लालबाग