आबांनी केलं काय?

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोन ठेवला, पण बाबा, तुमचा आवाज काही कानातून जाईना. पारावर आपल्या सांगोल्याच्या आमदार आबांचा, गणपतराव देशमुखांचा, विषय निघाला आणि कुणीतरी पोरगं म्हणालं, "आबांनी पन्नास वर्षांत केलं काय? गडी एसटीनं हिंडला आन् तालुका हाय तिथंच राह्यला." आणि तुम्ही एक शब्द न बोलता उठून घरी आलात. आई सांगत होती, त्या रात्री तुम्ही भाकरीही अर्धीच खाल्लीत. फोनवर असलं काही नीट बोलणं होत नाही. माझा गळा भरून येतो आणि तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता. म्हणून लिहायला बसले. दादाला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, डोळ्यांना ताण नको.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाकते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मीही तुम्हाला हेच ऐकवलं होतं. उन्हाळा होता, टँकर दोन दिवस आला नव्हता, आईनं मळ्यातल्या विहिरीवरून चार खेपा केल्या होत्या. मी घागर आपटली आणि म्हणाले, "शेजारच्या तालुक्यात ऊस उभाय आणि आपण घागरी मोजतोय. दर वेळी त्यांनाच निवडून देता, काय मिळालं?" तुम्ही ड्यूटीवरून आला होतात. ओट्यावर बसून तिकिटांचा ट्रे फडक्यानं पुसत होतात. तेव्हाही काही बोलला नाहीत, फक्त फडकं हातात तसंच राहिलं. ते मला अजून दिसतं. बाबा, मी चुकले होते. किती चुकले होते ते मला मंत्रालयात नोकरीला लागल्यावर कळलं.

अधिवेशन जवळ आलं की आमच्याकडे तारांकित प्रश्नांचे, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांचे, कागद येतात. त्यांची भाषा ठरलेली असते. "हे खरे आहे काय", पुढे "असल्यास", आणि त्याखाली आमदाराला काय विचारायचंय ते. उत्तरही तसंच असतं. "होय", "हे अंशतः खरे आहे", "प्रश्न उद्भवत नाही". बाहेरून बघणाऱ्याला हा नुसता कागदांचा खेळ वाटेल. पण प्रश्न आला की आमच्या टेबलावरून जिल्ह्याला फोन जातो, जिल्ह्यातून तालुक्याला, आणि ज्या चारीवर, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या कालव्याच्या फाट्यावर, चार वर्षं कुणी फिरकलेलं नसतं तिथं शाखा अभियंत्याला जावंच लागतं. कारण उत्तर छापलं जातं, आणि उपप्रश्न आला तर मंत्र्यांना उभं राहून बोलावं लागतं. एखादा आमदार तोच प्रश्न पुढच्या अधिवेशनालाही विचारणार हे माहीत असलं, की ती फाईल कुणी खाली घालत नाही. विरोधी बाकावरच्या माणसाजवळ बाकी असतं काय? प्रश्न, लक्षवेधी, पुरवणी मागण्यांवरचं भाषण, नाहीतर मोर्चा. आबांनी एवढ्यावरच जवळजवळ सगळी हयात काढली. १९६२पासून अकरा वेळा निवडून आले, पण मंत्रिपद वाट्याला आलं दोनदाच. एकदा १९७८ला शरद पवारांच्या पुलोद आघाडीच्या सरकारात आणि मग १९९९ला विलासराव देशमुखांच्या. बाकी सगळी वर्षं शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा आणि विरोधी बाक. सत्तेत जाणाऱ्या पक्षात उडी मारायची संधी त्यांना कमी वेळा आली असेल असं मला वाटत नाही. त्यांचा पक्ष आटत आटत चार-दोन तालुक्यांपुरता उरला, तरी ते हलले नाहीत.

आता पाण्याचं. त्या पोराचा खरा राग पाण्याचाच असणार.

आपला तालुका नीरा उजव्या कालव्याच्या टेलला, अगदी शेवटच्या टोकाला. वरच्यांची भिजवण झाली की उरेल ते आपलं, आणि उरत काही नाही, हे मी तुम्हाला काय सांगायचं. माण नदी तर वर्षातून मोजके दिवस वाहणार. म्हणजे पाणी आणायचं तर कृष्णेचं, आणि तेही उचलून. हे आज सोपं वाटतं. पण राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं होतं आणि त्या निवाड्याची मुदत २०००पर्यंत होती. पाणी आपलं, पण अडवायला आणि वळवायला पैसा नाही, आणि जे काही व्हायचं ते आधी नदीकाठच्या बागायतीसाठी. अशा वेळी क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबा आटपाडीला पाणी परिषद भरवायला लागले. तेरा दुष्काळी तालुक्यांची माणसं ट्रकांतून, ट्रॅक्टरांतून यायची. बाबा, तुम्हीच सांगायचात ना, त्या दिवशी आटपाडीकडे जाणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसायची. मागणी साधी होती. ज्याच्या शेताला नदी लागत नाही त्याचाही नदीवर हक्क आहे. कराडजवळ टेंभूला कृष्णा अडवायची आणि टप्प्याटप्प्यानं उचलत माणदेशात आणायची, ही योजना १९९६ला मंजूर झाली. कृष्णा खोरे महामंडळही त्याच वर्षीचं. पाणी आपल्या बाजूला दिसायला त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. दर वर्षी पैसे कमी पडायचे, आणि ते पडू नयेत म्हणून कुणीतरी अर्थसंकल्पाच्या चर्चेत उभं राहून तोच मुद्दा पुन्हा मांडायला लागतो. हे काम फोटोत येत नाही. त्याला पाटी नसते, नारळ नसतो.

म्हणून त्या पोराला उत्तर द्यायचं झालं, तर आमच्या भाषेत मी लिहीन, "हे अंशतः खरे आहे." पाणी उशिरा आलं हे खरं. काही गावांच्या शिवारात आलं, काहींच्या कडेनं गेलं, हेही खरं. वाट बघून बघून आपल्या भावकीतली निम्मी घरं पुण्याला आणि इचलकरंजीला गेली. कुणाच्या डाळिंबाच्या बागा तेल्या रोगानं गेल्या, कुणाच्या मर रोगानं. त्या पोराच्या बापाचीही गेली असेल. त्याचा राग खोटा नाही, बाबा, त्याच्यावर चिडू नका. पण तालुका होता तिथंच राहिला, हे खरं नाही. आपल्या माळावर डाळिंब आलं ते कुठून? रोजगार हमीतून फळबाग लागवड १९९०ला सुरू झाली, खड्डे खोदायची मजुरीही मिळाली आणि रोपंही, म्हणून नानांनी त्या दीड एकरात गणेश जातीचं डाळिंब लावलं. त्या पैशावर माझी फी भरली गेली. २०२०च्या डिसेंबरात शंभरावी किसान रेल्वे आपल्या सांगोल्यातून पश्चिम बंगालच्या शालिमारला निघाली, तेव्हा तुम्ही टीव्हीसमोरून उठत नव्हता.

आणि रोजगार हमी तरी कुठून आली? बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही आणि आजी खडी फोडायला जायचात. लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, सुकडीसाठी रांग, आजीच्या तळहाताचे घट्टे शेवटपर्यंत गेले नाहीत. तेव्हा काम निघालं तर मिळायचं, नाही निघालं तर सरकारचे पाय धरायचे. मागेल त्याला काम देणं सरकारला बांधील करणारा कायदा १९७७ला झाला आणि १९७९पासून लागू झाला. वि. स. पागे यांची ती कल्पना, पण ती कायद्यापर्यंत गेली यामागे दुष्काळी भागातल्या मोर्चांचा रेटा होता, आणि त्यात लाल बावटा पुढे होता. १९९९ला आबांकडे पणनबरोबर रोजगार हमीचंच खातं आलं, हे मला नेहमी फार योग्य वाटतं. सूतगिरणीचं तर लिहीतच नाही. कापूस नावाला नसलेल्या तालुक्यात त्यांनी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली, हे त्या पोरालाही माहीत असणार. त्याच्या घरातलंही कुणीतरी तिथं पाळीला जात असेल.

आई, आता तुझ्यासाठी. १९९५चं तू अजून मनात धरून आहेस, मला माहीत आहे. त्या दिवशी मी तापानं फणफणले होते, तू मला मांडीवर घेऊन बसलीस, मतदानाला गेली नाहीस. बाबा मुंबई गाडीवर होते. निकाल लागला तेव्हा आबा १९२ मतांनी पडले होते. तू देवापुढं बसून म्हणालीस, "त्यातली दोन आपली." मी नऊ वर्षांची होते, पण ते वाक्य मी विसरले नाही. आई, तुमच्या दोन मतांनी काही झालं नसतं. पण त्यानंतर तू एकही मतदान चुकवलं नाहीस, पाय सुजला होता तेव्हाही गेलीस. आबांनीही ते मनाला लावून घेतलं नाही. बहात्तरलाही ते हरले होते, बाबांचं तर ते पहिलंच मत. दोन वर्षांत पोटनिवडणुकीनं परत आले. पंचाण्णवला हरले आणि नव्व्याण्णवला परत आले. हरलेल्या वर्षांतही ते एसटीत तसेच भेटायचे, असं तुम्हीच सांगायचात, बाबा. दाराजवळच्या त्या बाकावर रंगानं "आमदारांसाठी राखीव" लिहिलेलं असायचं, आणि एरवी रिकाम्या नाहीतर पोत्यांनी भरलेल्या त्या जागेवर खराखुरा आमदार बसलेला तुम्ही पाहिलात. किती कंडक्टरांना ते बघायला मिळालं असेल?

२०१९ला वयामुळे ते उभे राहिले नाहीत आणि त्यांचे नातू ७६८ मतांनी पडले. ३० जुलै २०२१ला सोलापुरात आबा गेले, तेव्हा तुम्ही मला फोन करून नुसतं "गेले" एवढंच म्हणालात. मला कोण ते विचारावं लागलं नाही. मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. २०२४ला दुसरे नातू निवडून आले. ते काय करतात ते आपण बघूच, त्यांनाही आपण तेच विचारायचं जे तो पोरगा विचारतोय.

अधिवेशन संपलं की मी चार दिवस येतेय. तोवर एक काम करा, बाबा. उद्या पारावर जा. घरात बसू नका, गुडघ्याला तेवढं चालणं हवंच आहे. त्या पोराला जवळ बसवा आणि विचारा, त्याच्या शिवारापर्यंत पाणी कुठवर येऊन थांबलंय. चारीचा नंबर, जमिनीचा गट नंबर आणि शेवटचं पाणी कोणत्या महिन्यात आलं, एवढं एका कागदावर लिहून घ्या. अर्ज कसा लिहायचा आणि कुणाकडे द्यायचा ते मी आल्यावर त्याला समजावून सांगते.

आई, गोळ्या वेळेवर घे. कुरडया पाठवू नकोस, मीच येऊन घेऊन जाईन.

तुमची,
रूपाली