वार्ताफलकावर रोज खरं लिहिल्याबद्दल

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरी आणून देता आलं असतं. पण आमच्या नगरसेविका म्हणून तुम्ही जे केलंत ते भर चौकात, सगळ्यांसमोर केलंत, म्हणून आभारही सगळ्यांसमोरच मानते.

९ मार्च २०२० ला राज्यातले कोरोनाचे पहिले दोन रुग्ण पुण्यात सापडले आणि त्यांना नायडू रुग्णालयात ठेवलं, तेव्हा भवानी पेठेत आम्हाला ती लांबची गोष्ट वाटली होती. एप्रिलमध्ये पेठा सील झाल्या, गल्लीच्या तोंडाला पत्रे लागले आणि रोज नवी अफवा उठू लागली. अमक्या वाड्यात दहा जण निघाले, तमक्याला नेलं तो परत आलाच नाही. त्या दिवसांत तुम्ही मंडळाचा वार्ताफलक मागून घेतलात. एरवी त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, नाहीतर श्रद्धांजली. आता रोज संध्याकाळी खडूने लिहिलेलं असायचं: प्रभागात आज नवे रुग्ण किती, बरे होऊन घरी किती आले, स्वॅब कुठे घेतात, पाणी किती वाजता येणार, कुठल्या रेशन दुकानात धान्य उतरलं. तोच मजकूर तुमच्या आवाजात मोबाइलवरही यायचा, कारण वाचता न येणारी माणसंही आपल्यात आहेत हे तुम्ही विसरला नाहीत.

रुग्णांची नावं लिहा म्हणून काही जण अडून बसले होते, त्यात आमच्या वाड्यातलेही होते. कळलं म्हणजे जपून राहता येईल, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही बधला नाहीत. आकडा लिहीन, नाव लिहिणार नाही, एवढंच सांगितलंत. मला वाटतं, साऱ्या काळातला तुमचा सगळ्यात मोठा निर्णय हाच होता. १८९७ च्या प्लेगात याच शहरात लोकांनी घरातले रुग्ण लपवले होते, कारण प्लेग अधिकारी रँडच्या बंदोबस्तात गोरे सोजीर झडतीला घरात शिरत आणि माणसं उचलून छावणीत नेत. दारावर बोट दाखवलं जाईल ही भीती असली की माणूस आजार लपवतो आणि आजार घरोघर जातो. आमच्या समोरच्या खोलीतले रिक्षावाले दादा ताप आल्यावर आपणहून तुमच्याकडे आले, ते फळ्यावर आपलं नाव लागणार नाही याची खात्री होती म्हणून.

आणि ती संडासाची कडी! पंधरा-वीस घरांत एक संडास असलेल्या ठिकाणी 'घरीच राहा' हे ऐकायला ठीक असतं. सगळ्यांचा हात लागतो तो कडीला आणि नळाच्या तोटीला, हे तुम्ही रांगेत स्वतः उभं राहून पाहिलंत. मग दाराशी साबणाचं पाणी आलं, कडीला दिवसातून अनेकदा फडकं फिरू लागलं, फवारणी ठरल्या वेळी होऊ लागली. ते फडकं फिरवणाऱ्या सफाई कामगारांना आणि दारोदार ताप मोजत हिंडलेल्या आशाताईंनाही या पत्रातला नमस्कार पोचवा.

अन्नसुरक्षा योजनेत नसलेल्या केशरी कार्डवाल्यांना मोफत धान्य नव्हतं. मे-जूनमध्ये त्यांना गहू ८ रुपये आणि तांदूळ १२ रुपये किलोने मिळणार, माणशी ३ किलो गहू आणि २ किलो तांदूळ, हे तुम्ही फळ्यावर ठळक लिहिलंत. त्यामुळे दुकानात मापावरून कुणाला गप्प बसवता आलं नाही.

२०२१ चा एप्रिल मात्र अजून आठवत नाही असा दिवस जात नाही. रेमडेसिविर इंजेक्शनच्या चिठ्ठ्या घेऊन घरोघरची माणसं वणवण करत होती. माझ्या सासऱ्यांचा ऑक्सिजन ८६ वर आला त्या रात्री तुम्हाला फोन केला. बघते, होईल काहीतरी, असं म्हणून फोन ठेवणारे तोवर बरेच भेटले होते. तुम्ही म्हणालात, आत्ता शहरात मला खाट मिळत नाहीये, पण मी फोन करत राहते, तोवर त्यांना पालथं झोपवा आणि दर अर्ध्या तासाला आकडा मला कळवा. मी कळवत राहिले आणि दर वेळी तुम्ही फोन उचललात. पहाटे सीओईपी कॉलेजच्या मैदानावरच्या जम्बो कोविड रुग्णालयात जागा मिळाली. ते त्यातून उठले नाहीत. पण त्या रात्री आम्हाला कुणी खोटी आशा लावली नाही, उपचाराविना त्यांना घरात पडू दिलं नाही, हे तुमच्यामुळे. सासूबाई आजही हेच बोलून दाखवतात.

१४ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि तुमच्या नावामागे 'माजी' लागलं. त्यानंतर ड्रेनेज तुंबलं, पाणी आलं नाही, तर कुणाला विचारायचं हेच कळेनासं झालं. तक्रार नोंदवली की क्रमांक मिळायचा. काम का अडलंय, कधी होईल, हे सांगणारं माणूस मिळायचं नाही. तुम्ही त्या काळात आम्हाला काय देत होता, ते तेव्हा नीट उमगलं.

तुमचा गुडघा दुखतो असं ऐकलं. जिना चढू नका, आम्हीच खाली येऊ. रविवारी सकाळी सासूबाईंना घेऊन येते, त्यांना तुम्हाला भेटायचंय.

आपली,
भवानी पेठेतली एक रहिवासी