मॅडम, त्या पेन्सिलीच्या ओळीसाठी

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

लेकीच्या विज्ञानाच्या वहीत तुमच्या हातची ती ओळ काल पुन्हा दिसली आणि डोळे भरून आले.

शिशाच्या ऑक्साइडचं सूत्र होतं, पीबीओटू. तिने नाव लिहिलं होतं 'लेड टू ऑक्साइड'. तुम्ही लाल फुली मारली नाहीत. शेजारी बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलंत, 'ऑक्सिजन किती? प्रत्येकावर प्रभार किती? बेरीज शून्य येते का बघ.' ऑक्सिजन दोन, प्रत्येकी उणे 2, मिळून उणे 4. शिसं एकटंच, म्हणजे त्याच्यावर अधिक 4, आणि नावातला आकडा तोच. लेड फोर ऑक्साइड! चूक खोडायचं कामही तुम्ही तिच्याचकडे ठेवलंत.

आधीच्या क्लासमध्ये मूलकांचा, म्हणजे प्रभार असलेल्या अणूंचा आणि अणुगटांचा, छापील तक्ता हातात दिला होता, पाठ करा म्हणून. चुकलं की दहा वेळा लिहा. सूत्र लिहिताना एकाची संयुजा (जोडलं जायची क्षमता) दुसऱ्याखाली मांडायची, हा तिरकस गुणाकार; तो उलटा फिरवला की नाव मिळतं, हेही तिथलंच. फेरिक ऑक्साइडला ते जमून जातं : लोह दोन, ऑक्सिजन तीन, उलटं केलं की लोहाला 3. पण शिशाच्या सूत्रात 4 आणि 2 या संयुजांना आधीच 2 ने भागलेलं असतं. तिथे उलटं फिरवून चुकीचंच नाव हाती येतं. विचारलं तर उत्तर मिळायचं, "एवढं परीक्षेत येत नाही." पोरगी मठ्ठ नव्हती हो, तिला कारण कुणी सांगितलंच नव्हतं.

तुम्ही सांगितलंत. नावाच्या शेवटी येणारं 'अस' म्हणजे 2 नव्हे, दोहोंतला कमी प्रभार : फेरस 2, पण क्युप्रस 1. 'इक' म्हणजे जास्त : फेरिक 3, क्युप्रिक 2. सल्फाइडमध्ये ऑक्सिजन नाही, सल्फाइटमध्ये तीन, सल्फेटमध्ये चार, आणि प्रभार मात्र तिन्हींवर उणे 2. कार्बन डायऑक्साइडमधला 'डाय', म्हणजे दोन, कॅल्शियम क्लोराइडला लावायचा नाही, कारण कॅल्शियम नेहमी अधिक 2, तेव्हा क्लोराइड दोनच लागणार.

चुन्याच्या निवळीतल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं सूत्र मुलं कंसाशिवाय लिहितात. मग 2 नुसत्या हायड्रोजनला लागतो, ऑक्सिजन एकच राहतो. तुम्ही ओएचभोवती खडूने गोल काढलात आणि म्हणालात, "ही जोडी फुटत नाही." कंस कशाला असतो, हे तिला तेव्हा कळलं.

चाळीस वह्या तपासायच्या असताना एका चुकलेल्या उत्तरापाशी थांबायचं, त्या मुलाने असं का लिहिलं असेल ते शोधायचं, हे कुणी सांगून करत नाही. ते माणसात असावं लागतं. तुमच्यात आहे, आणि आमच्या घरावर त्याचे फार उपकार आहेत.

काल तिच्यासमोर सुक्या सेलमधल्या काळ्या पुडीचं सूत्र होतं : मँगनीज एक, ऑक्सिजन दोन. तिने समासात आधी बेरीज मांडली, मग नाव लिहिलं, मँगनीज फोर ऑक्साइड. पेन्सिलीनेच.

आपली कृतज्ञ,
नववीतल्या एका मुलीची आई