खाड्यांच्या अनुदानात भीमेचाही विचार व्हावा

संपादक महोदय,

खाड्या आणि खारफुटीच्या संवर्धनासाठी मिळणाऱ्या सरकारी अनुदानाची चर्चा बहुधा किनारपट्टीच्या जिल्ह्यांपुरतीच होते, आणि आमच्या अवर्षणग्रस्त सोलापुरात अशी बातमी नजरेखालून घालून पान उलटले जाते. भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे खटकते, कारण भीमाशंकरला उगम पावून ८६१ किलोमीटर वाहणारी भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात हंसलादीवीजवळ समुद्राला. पंढरपूरच्या वाळवंटातली वाळू, आमच्या शेतांतून धुपून जाणारी माती आणि उजनीतून सुटणारे पाणी यांचे नाते त्या नदीमुखाशी आहे.

नदीमुखातले पाणी भरती-ओहोटीबरोबर दिवसातून दोनदा आणि ऋतुमानाप्रमाणे वर्षभर कमीअधिक खारे होत असते. वाघ कोळंबी अंडी समुद्रात घालते, पण तिची पिल्ले वाढतात ती खारफुटीच्या मुळांच्या आडोशाला, निमखाऱ्या पाण्यात. वरून येणारे गोडे पाणी घटले की हा खारेपणा वाढतो, आणि धरणांत गाळ अडला की लाटांनी झिजवलेला किनारा भरून निघत नाही. भीमेचे पाणी समुद्राला मिळण्याआधी उजनी, श्रीशैलम आणि नागार्जुनसागर या मोठ्या धरणांतून जाते. त्यांतल्या एकट्या उजनीची साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्या पाण्यावर आमचा जिल्हा जगतो, त्यामुळे धरणाविरुद्ध माझे काही म्हणणे नाही, परंतु त्यापायी नदीमुखात काय बदलले याची नोंद सरकारदरबारी असलीच पाहिजे.

राज्याने २०१२ मध्ये खारफुटीच्या रक्षणासाठी कांदळवन कक्ष स्थापन केला, २०२२ मध्ये ठाण्याच्या खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा ‘रामसर’ दर्जा मिळाला आणि ५ जून २०२३ रोजी केंद्राने सुमारे ५४० चौरस किलोमीटर क्षेत्र डोळ्यांसमोर ठेवून खारफुटी लागवडीची ‘मिष्टी’ योजना सुरू केली. ही कामे मोलाची आहेत. मात्र हेक्टरांत आणि रोपांत मोजता येणारे काम जसे चटकन दिसते, तसे खारेपणा, प्राणवायू, गाळ आणि माशांची पिल्ले यांची वीस-तीस वर्षे नेमाने ठेवलेली नोंद दिसत नाही. रोप कुठे लावू नये हेही अशा अभ्यासाशिवाय कळत नाही, कारण ओहोटीला उघडा पडणारा चिखल आपल्याला ओसाड वाटतो, पण रोहित (फ्लेमिंगो) आणि तुतवार या पक्ष्यांचे पोट त्याच चिखलावर भरते. (हेच रोहित हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावरही उतरतात, हे सोलापूरकरांना सांगायला नको.)

अमेरिकेत १९७२ च्या किनारा व्यवस्थापन कायद्याने नदीमुखांच्या अभ्यासासाठी राखीव क्षेत्रे निर्माण झाली आणि १९९५ पासून तिथे सर्वत्र एकाच पद्धतीने पाण्याची मोजणी चालू आहे. ती क्षेत्रे चालवण्याच्या खर्चाचा ७० टक्के भार केंद्र सरकार आणि ३० टक्के भार राज्य उचलते. आपल्याला यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे अनुदान चालू खर्चासाठी दरवर्षी मिळणे, कारण तीन वर्षांचा प्रकल्प संपल्यावर उपकरणे धूळ खात पडली तर आधीच्या नोंदींनाही फारसा अर्थ उरत नाही.

म्हणून केंद्र आणि राज्य सरकारांना माझी कळकळीची विनंती आहे की, खाड्या व नदीमुखांच्या प्रत्येक अनुदानातला ठरावीक हिस्सा दीर्घकालीन नोंदींसाठी राखून ठेवावा आणि त्या नोंदींत नदीच्या वरच्या खोऱ्यातील जिल्ह्यांनाही सामील करून घ्यावे. सोलापुरात विद्यापीठ आहे, महाविद्यालये आहेत आणि उजनीवर पिढीजात मासेमारी करणारी जाणती माणसे आहेत. भीमेतून किती पाणी आणि किती गाळ पुढे जातो याची मोजणी आमचे विद्यार्थी करू शकतील; त्यांना त्यासाठी उपकरणे आणि दरवर्षी वेळेवर मिळणारा निधी हवा.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, सोलापूर