कूव्हाच्या मिसना, मनापासून

प्रिय मिस,

हे पत्र मुद्दाम मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्हाला फोनवर इंग्रजीत वाचून दाखवीनच. पण त्रिनिदाद म्हटलं की आमच्याकडे गाडी क्रिकेटच्या पुढे फारशी जात नाही, म्हणून तुम्ही मला जे दाखवलंत ते आमच्या माणसांपर्यंतही पोचावं असं वाटतं.

त्रिनिदादमधल्या कूव्हा गावात आम्ही राहायचो; नवऱ्याची नोकरी जवळच्या पॉइंट लिसासच्या अमोनिया प्लँटवर. तो शिफ्टला गेला की घरात मी आणि तान्ही लेक. ओळखदेख कुणाची नाही. अशात एक दिवस कुंपणापलीकडून तुम्ही विचारलंत, "बाळाला घेऊन येतेस का फिरायला?" त्यानंतर रविवारी सकाळी तुमची गाडी दारात उभी राहायला लागली, आणि निवृत्त झालेल्या इतिहासाच्या बाईंनी पुन्हा शिकवायला घेतलं.

मी भारतातून आलेली, तरी तुम्ही सुरुवात देवळांपासून केली नाहीत. आधी अरिमाला नेलंत, बेटाच्या मूळ रहिवाशांचे वंशज आजही राहतात तिथे. कोलंबस आला 1498 मध्ये, माणसं त्याच्या हजारो वर्षं आधीपासून इथे होती, हे तुम्ही ठासून सांगितलंत. मग आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांची गोष्ट. 1834 मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली, तरी खरी सुटका व्हायला 1838 उजाडलं. मळेवाल्यांना स्वस्तात राबणारे हात हवेच होते. 30 मे 1845 ला 'फतेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशे माणसं घेऊन आलं. 1917 पर्यंत अशी एक लाख चाळीस हजारांहून जास्त माणसं आली, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडची. तुमचे पणजोबा त्यांतलेच, आणि तुमच्या आईचं घराणं गुलामीतून सुटलेल्यांचं. यातलं जास्त जवळचं कोणतं, असं कुणी विचारलं की तुम्ही चिडायचात. ते चिडणं मला फार आवडायचं.

त्रिनिदादमधल्याच वॉटरलू गावचा दिवस तर डोळ्यांसमोर आहे. आजूबाजूची जमीन एके काळी सगळी उसाची. सरकारी साखर कंपनी 2003 मध्ये बंद झाली. मी सांगलीची, ऊस बघतच वाढले, त्यामुळे ते ओसाड रान बघून पोटात कालवलं. पुढे समुद्र, आणि त्यात शिवदास साधूंचं देऊळ. हा एक साधा मजूर. 1947 मध्ये त्यांनी किनाऱ्यावर देऊळ बांधलं, पण जमीन तेव्हाच्या साखर कंपनीची निघाली. देऊळ पाडलं गेलं, साधूंना दंड झाला, चौदा दिवसांची कैद झाली. सुटून आल्यावर त्यांनी ठरवलं की समुद्र तर कुणाच्या मालकीचा नाही! सायकलला बादल्या अडकवून दगड-माती वाहायची आणि ओहोटीला भर टाकायची, असं वीसेक वर्षं चाललं. तुम्ही पायवाटेवर उभ्या राहून हे सांगत होतात. पाणी ओसरलेलं, दोन्हीकडे काळा चिखल, बांबूंवर लाल-पिवळ्या झेंड्या फडफडत होत्या. लेक झेंडीकडे हात करत होती. माझे डोळे भरून आले तेव्हा तुम्ही बोलायचं थांबलात आणि पाण्याची बाटली पुढे केलीत.

ला ब्रेच्या डांबराच्या तळ्यावर आपण चाललो. चाळीस हेक्टर डांबर, पायाखाली जरासं दबणारं. परतताना खायला डबल्स: दोन मऊ तळलेल्या पोळ्या (त्यांना तिथे 'बारा' म्हणतात), वर छोले, आणि गाडीवाल्याला तुमचं ठरलेलं "स्लाइट पेपर", म्हणजे तिखट जरासंच. ते 'स्लाइट'सुद्धा चांगलंच झोंबायचं.

आणि 1971! भारतानं वेस्ट इंडिजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं ते पोर्ट ऑफ स्पेनला. शाळकरी मुलगी असताना तुम्ही वडिलांबरोबर त्या मैदानात होतात. वाडेकर कर्णधार, गावसकरांचं पदार्पण, सरदेसाईंचं शतक. आमच्या माणसांची नावं तुमच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला.

मिस, तुम्ही नसतात तर ते दिवस मी खिडकीशी बसून मोजले असते. तुमचे आभार कितीही मानले तरी कमीच.

डिसेंबरात नक्की या. हवा चांगली असते. मुंबईत शिवाजी पार्क दाखवते, मग सांगलीला घरी. गळीत हंगाम चालू असेल, कारखान्यावरही जाऊ.

तुमची,
कुंपणापलीकडची शेजारीण